सप्तमीचं पाणी: मिदनापूरच्या किनाऱ्यावरचे पाच दिवस

आमचं गाव अलिबागच्या खारेपाटात. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे खाडी. भरतीचं पाणी अडवायला बांध आणि शेतातलं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला उघाडी, एवढ्यावर आमच्या कित्येक पिढ्या जगल्या. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. घरावरचे पत्रे उडाले आणि परसातला आज्यानं लावलेला आंबा मुळासकट आडवा झाला. त्याच्या बरोबर चौदा दिवस आधी, 20 मेला, अम्फान बंगालवर आदळलं होतं. त्या महिन्यात आमच्याकडे वीज नव्हती. मी कंदिलाच्या उजेडात जुनी टिपणवही काढून बसायचे. तीस वर्षं भूगोल शिकवताना त्या वहीत एक ओळ उतरवून ठेवली होती: ‘16 ऑक्टोबर 1942, मिदनापूर.’ बंगालच्या त्या किनारी जिल्ह्यावर त्या दिवशी मोठं चक्रीवादळ आलं होतं, पण वहीत पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. ते पुढचं बघायला यंदा माघात निघाले. धाकटा भाऊ सोबत होता. तो म्हणाला, “ताई, तू वाचलेलं बघ, मी बांध बघतो.” खरोखर त्यानं तेच केलं.

पहिला दिवस: कोलकाता

पहाटे हावड्याला उतरलो. सामान लॉजवर टाकलं आणि अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेलो. 1943 च्या बंगालच्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या वुडहेड आयोगाचा 1945 सालचा अहवाल मला सावकाश वाचायचा होता. वादळाबद्दलचा मजकूर अगदी थोडा आहे, पण त्यातले आकडे वाचताना बोट थांबतं. समुद्राच्या लाटांनी सुमारे 450 चौरस मैल मुलूख धुऊन नेला, आणखी 400 चौरस मैलांत पूर आला, आणि वाऱ्यापावसानं 3,200 चौरस मैलांतलं पीक बिघडवलं. माणसं गेली सुमारे 14,500. गुरं 1,90,000.

गुरांचा आकडा भावाला दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे पुढच्या पावसात नांगराला बैल नाही.” आयोगाचे कागद चाळताना माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. त्याला पहिल्यांदा तेच दिसलं. माणसांच्या आकड्यावर मात्र तिथल्या लोकांचा विश्वास नाही. पुढच्या चार दिवसांत आम्हाला ज्यांनी ज्यांनी आकडा सांगितला, त्यांनी तो सरकारी आकड्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्तच सांगितला.

‘सायक्लोन’ हा शब्द याच शहरात घडला. हेन्री पिडिंग्टन नावाचा जहाजावरचा माणूस इथे स्थायिक झाला. बंगालच्या उपसागरातल्या जहाजांच्या रोजनिश्या जमवून त्यानं वादळांचं वळण शोधलं आणि वेटोळं घातलेल्या सापावरून ग्रीक भाषेतून हा शब्द बनवला. 1853 मध्ये त्यानं गव्हर्नर जनरल डलहौसीला पत्र लिहून कळवलं की मातला नदीवर नवं बंदर बांधू नका, एक दिवस वादळ खारं पाणी घेऊन येईल आणि सगळं बुडवील. त्याचं कुणी ऐकलं नाही. बंदर बांधलं, त्याला कॅनिंगचं नाव दिलं, रेल्वे नेली. 1867 च्या वादळानं ते बंदर मोडलं. तोवर पिडिंग्टन हयात नव्हता.

त्याआधी तीन वर्षं, 5 ऑक्टोबर 1864 ला, हुगळीच्या मुखातून चढलेल्या पाण्यानं सुमारे 50,000 माणसं मारली होती. त्यानंतर कोलकाता बंदरासाठी वादळाचे इशारे सुरू झाले आणि 1875 मध्ये हवामान खातं उभं राहिलं. हे काम मोठंच होतं, त्याला मी उणं म्हणणार नाही. पण ते इशारे जहाजांसाठी होते. बांधाआडच्या शेतकऱ्याला सांगायला कुणी जात नव्हतं. 1942 मध्ये तर युद्ध चालू होतं आणि हवामानाची बातमीसुद्धा गुपितात जमा होती. सोळा ऑक्टोबरला किनाऱ्यावरची माणसं देवीच्या पूजेच्या तयारीत होती.

ती सप्तमी होती, दुर्गापूजेची. हे वाचलं तेव्हा मी भावाकडे वळून पाहिलं, त्यानंही माझ्याकडे पाहिलं. किनाऱ्यावरच्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. सप्तमी-अष्टमी म्हणजे भांगाचे दिवस. उधाण अमावास्या-पुनवेला येतं. भांगात भरती कमी चढते, बांधाला धास्ती नसते. त्या दिवशी चंद्रानं काही केलेलं नव्हतं. वाऱ्यानं समुद्र उचलून आणला होता. तिथला समुद्र उथळ, किनारा नरसाळ्यासारखा निमुळता होत गेलेला, त्यामुळे आत ढकललेल्या पाण्याला वर चढण्यावाचून वाट नाही. सोळा फुटांपर्यंत लाट आली असं सांगतात. हे पाणी उधाणात आलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला त्या रात्री झोपू देईना.

दुसरा दिवस: तमलुक

हावड्याहून हल्दियाची लोकल. मेचेदा मागे पडलं की दोन्ही अंगांना भातखाचरं, मधूनमधून विड्याच्या पानांचे मांडव. हे लोक त्याला ‘बोरोज’ म्हणतात. काटक्या-गवतानं चारी बाजूंनी शाकारलेली काळोखी खोलीच ती. वादळात पहिल्यांदा जातात ते हे मांडव.

तमलुक म्हणजे जुनं ताम्रलिप्ती. फाहियान इथून जहाजात बसून सिंहलद्वीपाला गेला. आज तिथून समुद्र दिसत नाही, रूपनारायण नदी तेवढी आहे. गाळ साचत गेला, बंदर जमिनीत राहिलं. हा सगळा मुलूखच नद्यांनी आणलेल्या गाळातून झालेला. तो पूर्ण घडायच्या आत माणूस त्यावर राहायला गेला.

गावात मातंगिनी हाजरांचा पुतळा आहे. 29 सप्टेंबर 1942 ला तमलुकच्या ठाण्यावर मोर्चा गेला, तेव्हा हातात तिरंगा घेऊन पुढे चालणाऱ्या या सत्तरी ओलांडलेल्या विधवेला पोलिसांनी गोळ्या घातल्या. वादळ त्यानंतर सतराव्या दिवशी आलं. या दोन तारखा एकमेकींशेजारी ठेवल्याशिवाय पुढचं काही समजत नाही. जिल्हा सरकारविरुद्ध उठला होता. रस्ते तोडले होते, तारा तोडल्या होत्या, तसेच पूलही. पोलीस आणि लष्कर गावांत घुसून घरं जाळत होतं. अशा जिल्ह्यावर वादळ आलं तेव्हा सरकारनं त्याची बातमी आधी दाबली. कितीतरी दिवस कोलकात्याच्या वर्तमानपत्रांना ती छापता आली नाही. बातमीच नाही तर मदत कुठून येणार? बंगालचे अर्थमंत्री श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी नोव्हेंबरात मंत्रिपद सोडलं, त्याच्या कारणांत मिदनापूरमधली दडपशाही होती.

आणि होड्या. हे मला सगळ्यांत जास्त लागलं. जपानी फौज किनाऱ्यावर उतरली तर तिला वाहन मिळू नये म्हणून सरकारनं 1942 च्या उन्हाळ्यात बंगालच्या किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतल्या. दहापेक्षा जास्त माणसं बसतील अशी प्रत्येक होडी. नोंदलेल्या 66,000 हून अधिक होड्यांपैकी सुमारे 46,000 गेल्या. काही जाळल्या, काही बुडवल्या, काही ओढून नेऊन कुजत ठेवल्या. मिदनापूर, बाकरगंज आणि खुलना या तीन जिल्ह्यांतून जास्तीचं म्हणून तांदूळही उचलला. जपानी आलेच नाहीत, समुद्र आला. त्या दिवशी पाण्यात माणसं होती आणि काठावर होडी नव्हती.

दुपारी नदीकाठच्या चहाच्या टपरीवर एक ऐंशीच्या आसपासचे गृहस्थ भेटले. माझी बंगाली तोडकी, त्यांची हिंदी तोडकी, तरी बोलणं झालं. त्यांचा जन्म वादळानंतरचा. पण त्यांचे वडील मासेमारी करत. “आमची होडी नेली त्याची पावती मिळाली होती, दिदी,” ते म्हणाले. “बाबांनी ती पावती जन्मभर पेटीत ठेवली. पेटी वादळातून वाचली, पावतीही वाचली.” होडीचं त्यांनी पुढे काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

17 डिसेंबर 1942 ला इथे ताम्रलिप्त राष्ट्रीय सरकार स्थापन झालं. सतीशचंद्र सामंत त्याचे सर्वाधिनायक. मराठी माणसाला हे परकं वाटत नाही. आपल्या साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच काळात उभं होतं. पण साताऱ्याच्या प्रतिसरकारसमोर समुद्र नव्हता. तमलुकच्या सरकारनं न्यायनिवाडे केले, स्वतःचं दल बांधलं, आणि त्याबरोबर वादळानं बुडालेल्यांना धान्य-कपडेही पुरवले. जिल्ह्याचा कारभार ज्यांच्या हाती होता त्यांनी पाठ फिरवली, तेव्हा हे काम बंडखोरांनी केलं. सप्टेंबर 1944 पर्यंत ते सरकार टिकलं.

संध्याकाळी एका घराच्या ओट्यावर सुपाएवढ्या ताटात खसखस पसरून त्यावर उडदाच्या पिठाचे सांडगे घातलेले पाहिले. सांडगे कसले, दागिनेच: मोर, कुयरी, नथ. ‘गयना बडी’ म्हणतात. त्या बाईंनी पाव किलो बांधून दिले आणि पैसे घेताना इतक्या संकोचल्या की आम्हीच संकोचलो.

तिसरा दिवस: कांथी, पिछाबनी, जुनपुट

कांथीला पोहोचल्यावर भाऊ पहिल्यांदा वाळूच्या टेकड्या बघायला गेला. गावाच्या पाठीशी जुन्या वाळूची लांबच लांब रांग आहे, समुद्र कधीकाळी इथवर होता त्याची खूण. टेकडीवर उभं राहिलं की समुद्राकडची जमीन थाळीसारखी सपाट दिसते. त्या थाळीत एवढी माणसं कशी राहायला गेली, याचं उत्तर मिठात आहे.

हिजली आणि तमलुक हे कंपनी सरकारचे मिठाचे मुलूख. मोलंगी म्हणजे मीठ पिकवणारे लोक इथल्या खाऱ्या मातीतून पाणी झिरपवून काढत आणि मोठ्या चुलींवर आटवत. आपल्याकडच्या मिठागरासारखं उन्हावर वाळवत नसत, कारण इथली हवा दमट. चुलीला जळण लागे, म्हणून समुद्रालगत झुडपी रान राखून ठेवलेलं असे. त्याला ‘जलपाई’ जमीन म्हणत. लाटेच्या आणि गावाच्या मध्ये एक जंगली पट्टा राहिला तो असा, मिठासाठी. कंपनीनं मिठाचा मक्ता आपल्याकडे घेतला, मोलंग्यांना बयाणा देऊन कर्जात गुंतवलं, ती कहाणी फार कडू आहे. पुढे विलायतेतलं, चेशायरचं मीठ जहाजांतून येऊ लागलं आणि 1863 पर्यंत सरकारनं इथलं मीठ काढणंच बंद केलं. आता रान राखायचं कारण उरलं नाही. जलपाई तोडली, बांध घातले, भात लावलं, सारा वसूल झाला.

बांधाचं दुखणं आम्ही घरी भोगतो म्हणून लिहिते. बांध घातला की भरतीचा गाळ शेतात येत नाही, नदीच्या पात्रात बसतो. पात्र उचलत जातं, शेत तिथंच राहतं. काही वर्षांनी बाहेरचं पाणी आतल्या जमिनीपेक्षा वर. मग खांड पडली की पाणी नुसतं येत नाही, कोसळतं. आणि एकदा आत शिरलं की तोच बांध त्याला बाहेर जाऊ देत नाही. 1942 मध्ये खारं पाणी शेतांत आणि तळ्यांत असंच अडकून बसलं. इथे प्यायचं पाणी म्हणजे घरामागचं तळं, ‘पुकुर’. त्यात मीठ आणि मेलेली गुरं. वादळातून वाचलेली माणसं पुढे पटकीनं आणि हिवतापानं गेली.

समुद्राला दोष देणं सोपं आहे. मला त्या टेकडीवर उभी असताना तसं करता आलं नाही. वादळ निसर्गाचं, पण माणूस त्याच्या तोंडी दिला तो ऐंशी वर्षांच्या महसुलानं.

पिछाबनी कांथीपासून जवळच. एप्रिल 1930 मध्ये मिठाचा कायदा मोडायला इथे माणसं जमली होती. ‘मागे हटणार नाही’ असं म्हणाले म्हणून गावाला हे नाव, असं गावकरी सांगतात. आपल्या शिरोड्याला मिठागरावर सत्याग्रह झाला तो पुढच्याच महिन्यात. माझ्या आजोळी शिरोड्याच्या गोष्टी ऐकत मी वाढले. खाऱ्या पाण्याच्या काठी, एवढ्या लांब, तीच गोष्ट बंगालीत ऐकताना डोळे भरून आले.

जुनपुटला किनाऱ्यावर मासे वाळवण्याची तळं आहेत. बांबूच्या रांगांवर बोंबील टांगलेले, वास थेट आमच्या थळ-वरसोलीचा. या तळांना इथे ‘खोटी’ म्हणतात. खारेपाटातल्या माणसाच्या अंगावर ‘खोती’ या शब्दानं काटा येतो. आमच्याकडे खोती म्हणजे जमीनदारी, चरीचा शेतकऱ्यांचा संप तिच्याविरुद्धच झाला. इथला अर्थ वेगळा आहे हे कळायला भावाला दोन वेळा सांगावं लागलं.

चौथा दिवस: हिजली आणि खेजुरी

रसूलपूर नदीच्या मुखाशी पेटुआघाटला मच्छीमारी बंदर आहे. तिथून नदीपार जायला होडी मिळते. पलीकडे हिजलीची मशीद, मसनद-ए-आला ताजखानाची. हिंदूही नवस बोलतात. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, झाडीत, पांढरी. मशिदीच्या आवारात बसलेल्या एका बाईंनी सांगितलं, त्यांच्या सासूचं सगळं घर बेचाळीसच्या लाटेत गेलं. सासू तेव्हा नऊ वर्षांची, चिंचेच्या झाडावर रात्र काढली. झाडावर साप होते, ते चावले नाहीत, तेही भ्यालेले. सकाळी पाणी उतरल्यावर तिनं पहिल्यांदा ऐकलं ते काय, तर काहीच नाही. कोंबडा नाही, गाय नाही, कुत्रं नाही. “शब्द छिलो ना,” बाई म्हणाल्या. आवाजच नव्हता. सासू म्हातारपणी सांगायची तेव्हा पाण्यापेक्षा त्या शांततेचं जास्त सांगायची.

त्या नऊ वर्षांच्या मुलीनं पुढचं वर्ष कसं काढलं असेल? बंगाली सालगणनेत वादळ 1349 चं, आणि त्यानंतरच्या दुष्काळाला ‘पंचाशेर मन्वंतर’ म्हणतात, 1350 चा. दोन्हींमध्ये एक कापणीचा हंगाम. आमोन भात ऑक्टोबरात पोटरीला-फुलोऱ्याला असतं, मार्गशीर्षात कापतात. वाऱ्यानं ते झोपवलं, खाऱ्या पाण्यानं कुजवलं, कणगीतलं जुनं धान्य वाहून गेलं. जे उभं राहिलं त्यावर त्या दमट हवेत तपकिरी ठिपक्याचा बुरशीरोग पसरला. ब्रह्मदेशाचा तांदूळ जपान्यांनी रंगून घेतल्यापासून बंद होता. भाव चढले, ज्यांच्याकडे होतं त्यांनी दाबून ठेवलं, सरकारनं कोलकात्याची आणि युद्धाच्या कारखान्यांची पोटं आधी भरली. सबंध बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसं गेली. पीक अजिबात आलं नव्हतं असं नाही. मिदनापूरच्या माणसाकडे मात्र ते विकत घ्यायला जमीन, बैल, होडी, काहीच उरलं नव्हतं.

नोव्हेंबर 1943 मध्ये चित्तप्रसाद भट्टाचार्य हा चित्रकार या जिल्ह्यात फिरला. भुकेली माणसं, ओस घरं, रस्त्यावरची हाडं त्यानं काळ्या शाईत काढली. ती रेखाटनं आणि टिपणं पुस्तिका म्हणून मुंबईत छापली, आणि इंग्रज सरकारनं तिच्या 5,000 प्रती जप्त करून नष्ट केल्या. पुढे तो मुंबईलाच, अंधेरीत, राहिला. लोकलनं अंधेरीवरून मी किती वेळा गेले असेन. वादळाची बातमी दाबली, दुष्काळाचं चित्र जाळलं. तरी हिजलीच्या चिंचेवरची मुलगी सुनेला सांगून गेली.

खेजुरीला पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. इंग्रजांच्या काळात मोठी जहाजं इथेच नांगर टाकत. राममोहन राय 1830 साली विलायतेला निघाले ते इथून, असं गावात अभिमानानं सांगतात. देशातली पहिली तारेची लाइन ओशॉनेसीनं 1851-52 मध्ये टाकली, ती कोलकात्याहून डायमंड हार्बर आणि पुढे या खेजुरीपर्यंत. जहाज मुखाशी आलं की व्यापाऱ्याला तासाभरात कळावं म्हणून. 1864 च्या वादळानं बंदर संपवलं, गाळानं ते आधीच निम्मं संपलेलं होतं. आता झाडीत जुन्या डाकघराच्या भिंती उभ्या आहेत, विटांत वडाची मुळं शिरलेली, आणि थोड्या अंतरावर गोऱ्यांचं कबरस्तान. भिंतीला हात लावून मी बराच वेळ उभी राहिले. माल आला हे तारेनं कळत होतं. त्यानंतर नव्वद वर्षांनी, याच किनाऱ्यावर, वादळ येतंय हे कळलं नाही.

भाऊ तोवर समुद्राच्या बांधावर गेला होता. 26 मे 2021 ला यास वादळ पुनवेच्या उधाणात आलं तेव्हा इथलं पाणी बांधावरून आत आलं. बांध नंतर नव्यानं भरलाय. भावानं त्याची रुंदी पावलांनी मोजली, माती मुठीत घेऊन दाबून पाहिली, उतारावर लावलेलं गवत ओढून पाहिलं. काम करणाऱ्या दोघांशी खुणांनी बोलला. त्यांनी त्याला त्यांची उघाडी दाखवली. लोखंडी दार, चाकाच्या किल्लीनं वर उचलायचं. आमची अजून लाकडी फळ्यांची आहे.

पाचवा दिवस: गेंओखाली

सकाळी गेंओखालीला, जिथे रूपनारायण हुगळीला मिळते. धुकं होतं. होड्या दिसायच्या आधी त्यांच्या इंजिनांचा आवाज येत होता, एकामागून एक, मोजता येणार नाहीत इतक्या. मी घाटाच्या पायरीवर बसून ऐकत राहिले. खजुराच्या गुळाबरोबर मुढी, म्हणजे मुरमुरे, खाल्ले.

भावानं खेजुरीच्या बांधाचे आणि लोखंडी उघाडीचे फोटो काल रात्रीच गावच्या ग्रुपवर टाकले होते. आमच्याही बांधाला दिवाळीनंतर एक खांड पडली आहे, ती पावसाआधी भरायची आहे. हुगळी पार करत होतो तेव्हा आमच्या थोरल्या काकांचा निरोप आला. त्यांनी फोटोंबद्दल काहीच लिहिलं नव्हतं. “लवकर ये. येत्या भांगात माती टाकायची आहे, माणसं सांगून ठेवली आहेत.”

भावानं मोबाइलवर तिथी पाहिली. अष्टमीला अजून सहा दिवस होते.